एका रॉडवर दोघे: ग्रेलिंगच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी-जावई लीड्सला असतात. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्या मित्रमंडळींपैकी आठ जण यॉर्कशायरमधल्या नदीवर ग्रेलिंग नावाचा मासा धरायला जाणार आहेत. आम्हा दोघांनाही चला म्हणतात. आमचा अनुभव चोरल नदीकाठी गरी टाकून बसण्यापुरता. तिथे आमची अडचण तर होणार नाही ना? इथून काय न्यावे? (राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर: अडचण मुळीच होणार नाही. ग्रेलिंग थव्याने राहतो. एका डोहात दहा-वीस मासे असू शकतात, त्यामुळे माणसांनी मिळून धरावा असाच हा मासा आहे. दिवसही योग्य निवडला आहे. तिकडच्या बहुतेक नद्यांवर ट्राउटचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो. ग्रेलिंगची वीण वसंतात होते आणि कडाक्याच्या थंडीतही तो खाणे सोडत नाही. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा खरा काळ. १५ मार्च ते १५ जून नद्यांवर बंदी असते.

आधी कागदपत्रे. इंग्लंड-वेल्समध्ये १३ वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, पाहुण्यालासुद्धा, सरकारी रॉड परवाना लागतो. तो एका दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा मिळतो. रॉड जावयांचा असला तरी हातात तुम्ही धरणार असाल तर परवाना तुमच्या नावावर हवा. नसेल तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नदीचा तो पट्टा ज्या क्लबचा किंवा मालकाचा असेल त्याचे पाहुणा-तिकीट वेगळे. क्लब एका सभासदामागे किती पाहुणे घेतो हे जावयांना आजच विचारायला सांगा, सहली बहुधा इथेच अडतात.

इथून रॉड-रील नेऊ नका, ते तिथे उसने मिळेल. शिशाचे छर्रे तर अजिबात नेऊ नका. तिकडे ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने वापरायला मनाई आहे, कारण बदके-हंस ती गिळतात आणि विषबाधेने मरतात. न्यायचे ते कपडे: आत लोकरीचा किंवा थर्मल थर, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर पाणी-वारा अडवणारे जाकीट, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड, बोटे उघडी राहणारे हातमोजे. सुती बनियन टाळा, ओले झाले की ते अंगाची ऊब शोषून घेते. ध्रुवीकृत काचांचा चष्मा असेल तर जरूर न्या, त्याने पाण्यावरची चमक कापली जाते आणि तळ दिसतो.

आता दिवसाची आखणी. आठ जण आणि तुम्ही दोघे, म्हणजे दहा. दहा रॉड एकदम पाण्यात उतरले तर तासाभरात तो पट्टा बिथरतो. पाच जोड्या करा आणि जोडीला एकच रॉड द्या. एकाने धरायचे, दुसऱ्याने हातजाळे घेऊन शेजारी उभे राहायचे. दर पाच माशांनी किंवा वीस मिनिटांनी अदलाबदल. हा कंजूषपणा नव्हे. जाळेवाला वरच्या अंगाला उभा राहून थवा कुठे चमकतो ते पाहतो, मासा पाण्यातच धरून गळ काढतो, घसरणाऱ्याला हात देतो. गप्पाही त्यामुळेच होतात, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या फ्लोटकडे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडे) डोळे लावून बसतो. नवख्याला अनुभवी माणसाबरोबर ठेवा. तुम्ही दोघांनी एका जोडीत राहू नये, हे मुद्दाम सांगतो.

दोन जोड्यांत चाळीस-पन्नास मीटर अंतर हवे. आपला तुकडा संपला की पुढच्या जोडीला काठावरून, पाण्यापासून दूर, वळसा घालून पुढे जायचे. नोव्हेंबरअखेर तिकडे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पहाटे जाऊन काही साधत नाही. दहा ते तीन ही खरी वेळ, त्यातही अकरा ते दोन पाणी जरा ऊब धरते तेव्हा. आदल्या दोन दिवसांत जोरदार पाऊस झाला असेल तर नदीची पातळी संकेतस्थळावर पाहा. गढूळ, चढते पाणी असेल तर सहल पुढे ढकला. पूर ओसरून पाणी चहाच्या रंगावरून स्वच्छ होऊ लागले की उत्तम.

पाण्यात उतरणार असाल तर छातीपर्यंतची वेडर (पाणी आत न येणारी) पँट, कमरेला पट्टा, हातात काठी. पट्टा सैल असेल तर पडल्यावर पँटमध्ये पाणी भरते आणि उठता येत नाही. पाऊल उचलून टाकायचे नाही, तळावर सरकवायचे. मांडीच्या वर पाणी नको. तळावर फिकट रंगाचा, नुकताच धुतल्यासारखा खड्यांचा लांबट पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. याच महिन्यांत ट्राउट आणि सामन तिथे अंडी घालतात.

जेवणाचे तुम्हीच बघा, त्यात तुम्ही त्यांच्या पुढे असाल. मात्र इंदुरी पोहे थर्मासमध्ये घालू नका, दोन तासांत गोळा होतो. मुगाची पातळ खिचडी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळत्या पाण्याने भांडे आधी तापवून भरली की दुपारी दीडपर्यंत वाफाळती राहते. वर शेव वेगळ्या डब्यात. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी जेवायचे असे आधी ठरवा. अर्धा तास नदीला विश्रांती मिळते आणि दुपारनंतर पुन्हा मासे लागतात.

प्रश्न: हिवाळ्यात मुलाकडे शेफिल्डला असतो. डर्वेंट नदीवर त्याच्या गटाबरोबर फ्लोट लावून माशीच्या अळ्यांवर ग्रेलिंग धरतो. फ्लोट बुडतो, मी खेचतो, गळ रिकामा येतो. लागलेले मासेही निम्मे वाटेत सुटतात. इतरांचे तसे होत नाही. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर: या दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली फ्लोटची. नदीत पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जोरात वाहते. फ्लोट मोकळा सोडला की तो पुढे धावतो, तंगूस (गळाची दोरी) ताणला जातो आणि अळी तळावरून उचलली जाऊन अस्वाभाविक वेगाने ओढली जाते. ग्रेलिंगचे तोंड किंचित खालच्या अंगाला असते, तो तळाशी टिपतो. ओढली जाणारी अळी तो चाखून सोडून देतो. म्हणून रीलवर बोट ठेवून फ्लोट हलका अडवत सोडा, पृष्ठभागावरच्या फेसापेक्षा जरा सावकाश गेला पाहिजे. खोली आधी मोजा: फ्लोट तळाला अडखळेपर्यंत वर सरकवा, मग पाच-सात सेंटिमीटर खाली आणा. डोह बदलला की पुन्हा मोजा.

मीटरभर खोल, चालण्याच्या वेगाच्या पाण्याला दोन ते तीन ग्रॅम वजन पेलणारा फ्लोट पुरतो. मुख्य वजन गळापासून ३५-४० सेंटिमीटर वर एकत्र ठेवा आणि एक बारीक छर्रा १५ सेंटिमीटरवर. मुख्य तंगूस ३ पौंडांचा (म्हणजे तेवढा ताण सोसणारा), गळाजवळचा तुकडा अडीच पौंडांचा. गळ १६ नंबरचा, बिनकाट्याचा (टोकाशी उलटा काटा नसलेला). त्यावर एक किंवा दोनच अळ्या, त्याही जाड टोकाच्या कडेला अलगद टोचलेल्या. मधोमध टोचली की ती सुकते आणि हलत नाही. प्रत्येक फेकीआधी सहा ते दहा मोकळ्या अळ्या वरच्या अंगाला टाका. मूठभर एकदम टाकल्या तर थवा खालच्या अंगाला वाहत्या अळ्यांमागे निघून जातो.

दुसरी चूक खेचण्याची. जोरदार झटका नको, मनगट वळवले की पुरे. लागल्यावर ग्रेलिंग अंगाभोवती गिरक्या घेतो आणि शिडासारखा मोठा पाठीचा पर उभारून प्रवाहाला आडवा होतो. अशा वेळी रॉड उंच धरून ओढला तर मासा पृष्ठभागावर येऊन उलटसुलट वळतो आणि बिनकाट्याचा गळ सुटतो. रॉड आडवा, पाण्यालगत ठेवा, ताण सारखा राहू द्या, माशाला बाजूच्या शांत पाण्यात न्या. शक्यतो त्याच्या समोर किंवा जरा खाली उभे राहा, प्रवाहाविरुद्ध ओढत आणू नका. एकाच जागी तीन-चार मासे निघाले की चावे थांबतात. तेव्हा पाच-सहा मीटर सरका, थवा तिथेच असतो.

सोडताना ग्रेलिंगला ट्राउटपेक्षा जास्त वेळ लागतो, तो लवकर थकतो. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटोसाठी पाच-सात सेकंदांच्या वर पाण्याबाहेर नको. तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून सरळ धरा. शेपटी स्वतःहून मारेपर्यंत सोडू नका. तो पोट वर करून वाहत गेला तर बहुधा मरतो. पाण्यात लावून ठेवायच्या साठवण-जाळ्यात ग्रेलिंग कधीच ठेवू नये. कायद्याने दिवसाला ३० ते ३८ सेंटिमीटर लांबीचे दोन घेता येतात, पण बरेच क्लब सगळे सोडायला लावतात आणि ते योग्यच आहे.

पारा शून्याखाली गेला की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो. बोटाने फोडू नका, कडी वाकते. टोक पाण्यात बुडवा, बर्फ आपोआप विरघळतो. घरून निघताना कड्यांना व्हॅसलिनचा पुसट हात लावला असेल तर तेही कमी करावे लागते.

प्रश्न: हिमाचलात ट्राउट आहे, मग ग्रेलिंगही असेल का? (रामबाग, इंदूर)

उत्तर: नाही. हा युरोपातल्या थंड, स्वच्छ, खडेरी तळाच्या नद्यांचा मासा आहे. हिमाचलात ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट मिळतात, दोन्ही बाहेरून आणून सोडलेले. तीर्थन नदीवर परवाना काढून ते धरता येतात, पण १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. म्हणजे ग्रेलिंगच्या ऐन दिवसांत तिथे जाऊन उपयोग नाही.

प्रश्न: असाच मिळून घालवायचा दिवस आम्ही दहा-बारा जण नर्मदेवर आखू शकतो का? बडवाह किंवा महेश्वर मनात आहे. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: आखू शकता, पण तीन गोष्टी सांभाळून.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तो काळ माशांच्या विणीचा. उरलेल्या दिवसांतही नदीचा तो पट्टा कोणा सहकारी संस्थेकडे आहे का आणि परवानगी कुणाची, हे जिल्ह्याच्या मत्स्योद्योग कार्यालयात विचारून घ्या. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटांवर आणि त्यांच्या आसपास गळ टाकू नका. लोक तिथे माशांना श्रद्धेने खाऊ घालतात. बडवाहकडे जा, पण खेडीघाटावरही वर्दळीपासून लांबची जागा धरा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. वर ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर इंदिरा सागर धरण आहे. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की स्वच्छ उन्हातही पातळी चढते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला असे सोडलेले पाणी रात्री अचानक येऊन कित्येक यात्रेकरू वाहून गेले. खडकाळ बेटांवर किंवा नदीच्या मध्यावर बैठक मांडू नका. पोचल्याबरोबर काठाला एका दगडावर पाण्याची खूण करा आणि दर पंधरा मिनिटांनी ती पाहायचे काम एकाला द्या. खूण बुडाली की सामान नंतर, माणसे आधी वर.

तिसरी गोष्ट महासीर. २०११ पासून तो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि नर्मदेतून फार कमी झाला आहे. गळाला लागला तर ग्रेलिंगसारखाच, ओल्या हाताने, पाण्यात धरूनच सोडा. रोहू-मृगळासाठी कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडीचा घट्ट गोळा, ६ ते ८ नंबरचा गळ, पंधरा ते वीस पौंडांचा तंगूस पुरतो. गोळा पाण्यात वीस मिनिटे टिकला पाहिजे. लवकर विरघळला तर कणीक वाढवा, दगडासारखा राहिला तर पेंड. रॉड सहाच न्या, जोडीला एक. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊच्या आधी चावे येत नाहीत, त्यामुळे इंदूरहून साडेसातला निघालात तरी चालेल, भेरूघाटाच्या वळणांचा वेळ मात्र धरून ठेवा.