कंपोस्टच्या डब्यात अळ्या झाल्यात, सगळं फेकून द्यावं का?

नाही, फेकू नका. अळ्या चपट्या, करड्या, दोनेक सेंटिमीटर लांब असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि पूर्ण वाढल्या की काळपट होऊन आपणहून बाहेर पडतात. त्यांची माशी चावत नाही. ओल जास्त आणि कचरा उघडा राहिला की त्या होतात. कमी करायच्या तर ओल्या कचऱ्याच्या दुप्पट आकारमानाचा वाळलेला पाला मिसळा आणि वर दोन इंच कोरडा थर ठेवा. मूठभर मिश्रण पिळल्यावर पाणी निथळलं तर पाला अजून कमीच आहे. औषध फवारू नका, कचरा कुजवणारे इतर जीवही मरतील. गांडूळखताचा डबा असेल तर मात्र त्या वेचून काढाच, गांडुळांचं खाद्य पळवतात.