नागोयाला जायचंय, तयारी कुठून सुरू करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मिस्टरांना कंपनी तीन वर्षांसाठी जपानला पाठवतेय, नागोयाच्या जवळ. ते आधी जातील, मी आणि मुलगी (सात वर्षांची, दुसरीत) तीन-चार महिन्यांनी. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी इथे शाळेत शिकवते, ती नोकरी बहुतेक सोडावी लागेल. सासूबाईंनी मसाले, पापड, कुरडया अशी यादी करायला घेतलीये. मिक्सर, कुकर नेऊ का? मुलीला तिथल्या शाळेत जमेल का? आणि भूकंपाची भीती वाटते ती वेगळीच. — एक वाचक, सातारा

उत्तर : सुरुवात तुमच्यापासून करा. तुमच्या पत्रात मिस्टर आहेत, मुलगी आहे, सासूबाईंच्या कुरडया आहेत, पण तुमच्याबद्दल एकच वाक्य, तेही नोकरी सोडण्याचं. तिथे गेल्यावर मिस्टरांना ऑफिस आहे, मुलीला शाळा आहे, आणि सकाळी दोघं बाहेर पडले की घरात तुम्ही एकट्या. पार्सल घेऊन आलेला माणूस, शाळेतून येणारे कागद (आणि ते खूप येतात), दवाखाना, कचऱ्याचं वेळापत्रक, शेजारच्या आजी, या सगळ्यांशी पहिली गाठ तुमचीच पडणार. म्हणून घरात सगळ्यात आधी जपानी कोणी शिकायचं तर तुम्ही. मिस्टरांचं ऑफिसात इंग्रजीवर भागेलही, तुमचं भागणार नाही.

हातात तीन-चार महिने आहेत, ते पुरेसे आहेत. हिरागाना आणि काताकाना या दोन जपानी लिप्या मिळून ९२ अक्षरं, रोज थोडी गिरवली तर महिन्याभरात वाचता येतात. आपल्याला त्यांचा तक्ता ओळखीचा वाटतो कारण त्याचा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच गेलेला आहे, अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि शब्दाला मागून प्रत्यय लागतात, म्हणजे मराठी माणसाला डोक्यात वाक्य उलटंपालटं करावं लागत नाही. पुण्यात जपानी शिकवणारे खूप आहेत, त्यातले बरेच ऑनलाइनही शिकवतात, आजच चौकशी करा. तिथे पोचल्यावर बहुतेक शहरांत स्वयंसेवकांचे स्वस्त वर्ग असतात, त्यात नाव घाला, शिकणं तर होतंच पण पहिल्या मैत्रिणी तिथेच मिळतात.

नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते लेखी विचारा. डिपेंडंट व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणारा) तिथे वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. तुम्ही शिक्षिका आहात, त्यामुळे अनुभवाचं पत्र आणि सर्टिफिकेटं इथेच ठेवून जाऊ नका.

आता मुलगी. परदेशी मुलांना तिथे शाळेची सक्ती नाही, पण नगरपालिकेत अर्ज केला की सरकारी शाळेत प्रवेश मिळतो आणि फी नसते. वर्ग वयावरून ठरतो, वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. एक चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही जाताय तो आइची प्रांत. जपानमधले ब्राझिलियन सगळ्यात जास्त तिथेच राहतात, गाड्यांच्या कारखान्यांमुळे आलेले, त्यामुळे जपानी न येणारं मूल वर्गात येणं तिथल्या बऱ्याच शाळांना नवीन नाही. आपल्या शाळेत जपानीसाठी वेगळी मदत मिळते का ते अर्ज करतानाच विचारा. मुलं बऱ्याच ठिकाणी गटाने चालत शाळेत जातात, वर्ग स्वतः झाडतात, जेवण स्वतः वाढतात. हे तिला आत्तापासून गोष्टीसारखं सांगत राहा आणि घरी झाडू हातात द्या. कांजी म्हणजे चित्रासारखी जपानी अक्षरं, ती पहिलीत ८० आणि दुसरीत १६० असतात, तिची थोडी ओढाताण होणार हे धरून चाला, पहिले काही महिने ती गप्प गप्प राहील, तेव्हा घरी मात्र मराठीच बोला आणि मराठी वाचायला लावा.

शाळेच्या जेवणाचं आधी बोलायलाच हवं. तिथे भाजी शाकाहारी दिसते पण दाशी म्हणजे त्यांचं मूळ पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं, ते मिसो सूपमध्ये, उदोन नावाच्या जाड शेवयांमध्ये, उकडलेल्या भाज्यांतही असतं. नुसतं "आम्ही व्हेजिटेरियन" म्हटलं तर समोरचा मांस काढून देतो आणि दाशी तशीच राहते. म्हणून मांस, मासे, माशाची दाशी, अंडं चालत नाही आणि दूध चालतं, असं जपानीत लिहून घ्या आणि तो कागद पर्समध्ये ठेवा. शाळेत घरचा डबा चालेल का हे प्रवेशाच्या वेळीच ठरवा, नंतर नको.

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १०० व्होल्ट आणि आपला मिक्सर २३० चा, नुसत्या ॲडाप्टरने तो नीट चालत नाही, ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवण्यापेक्षा तिथलाच घ्या. कुकर न्या, पण आधी मिस्टरांना घरातली शेगडी बघायला सांगा, इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा चालणार नाही. मसाले न्या, पोहे न्या, ताजी फळं नि कढीपत्ता अजिबात नको, एअरपोर्टवर काढून घेतात. औषधं सहसा महिनाभराची नेता येतात, त्याहून जास्त हवी तर आधी परवानगी लागते, आणि सर्दीच्या काही गोळ्यांवर तिथे बंदी आहे तेव्हा प्रत्येक गोळीतलं औषध तपासूनच भरा. लग्नाचं नि जन्माचं सर्टिफिकेट, लसींचं कार्ड हँडबॅगेत.

भूकंपाची भीती मी हलकी करून सांगणार नाही, तो भाग भूकंपप्रवणच आहे. पण तिथे तयारी रोजच्या जगण्यात असते, शाळेत सराव होतात, नगरपालिका धोक्याच्या जागांचा नकाशा देते. घर मिळालं की पहिल्याच आठवड्यात भूकंपानंतर जमायची जागा तिघांनी चालत जाऊन बघा, उंच कपाटं भिंतीला बांधा, दाराशी पिशवी भरून ठेवा. पाणी, टॉर्च, औषधं, पासपोर्टच्या झेरॉक्स, आणि तुमच्यासाठी खास म्हणजे तयार शाकाहारी जेवणाची पाकिटं, कारण निवाऱ्यात वाटतात त्या जेवणात मासे असू शकतात. सासूबाईंचा भडंग नि खाकरा याच पिशवीत जाऊ दे. फोन लागेनासे झाले तर १७१ वर निरोप ठेवता येतो, अँब्युलन्स ११९, पोलीस ११०.

आणि राहायला गेल्यावर दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या घरी छोटा खाऊ घेऊन जा, "हाजिमेमाश्ते" (पहिल्या भेटीतला नमस्कार) म्हणा, मुलीला पुढे करा. कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत, हे ती शेजारीणच तुम्हाला नीट दाखवेल. घरात राहायला गेलं की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याच खेपेला शाळेचा अर्ज करा.

प्रश्न : मुलगा ओकायामाला एम.एस.ला चाललाय. दर आठवड्याला फोन कर असं सांगितलं तर चालेल ना? — एक वडील, पुणे

उत्तर : चालेल, आणि त्याला तिथलं काय खाल्लं ते विचारा, परत कधी येतोस ते पहिल्या वर्षी विचारू नका. वेळ ठरवताना एवढं लक्षात ठेवा की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तुमच्या रात्रीच्या जेवणानंतर केलेला फोन त्याला मध्यरात्री उठवेल. रविवारी दुपारी करा.