सॅन स्टॉर्मला स्विफ्टचं इंजिन बसेल का?

प्रश्न: माझ्याकडे जुनी सॅन स्टॉर्म (दोन सीटची छोटी उघडी कार) आहे, मूळ इंजिन पार थकलंय. रत्नागिरीत एक मेस्त्री म्हणतो जुन्या स्विफ्टचं 1.3 पेट्रोल टाकून देतो, गाडी उडेल. टाकू का?
– एक वाचक, गणपतीपुळे

उत्तर: अहो दादा, मोह समजतो, स्टॉर्मचं रेनोचं 1149 सीसी इंजिन जेमतेम 60 बीएचपी आणि स्विफ्टचं ते 87, म्हणजे जवळजवळ दीडपट, आणि गाडी हलकी, मग मजा येणारच ना! पण इंजिन नुसतं उचलून ठेवलं की झालं असं नसतं, माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, नवे बनवायचे, गिअरबॉक्स त्याच इंजिनचा घ्यायचा म्हणजे मग अ‍ॅक्सलही जुळवून घ्यावे लागतात, वर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) न् वायरिंग, आणि खरी डोकेदुखी तीच. मेस्त्रीला आधी विचारा वायरिंग कोण करणार, तिथे तो घुटमळला तर चहा पिऊन परत या.

त्याआधी गाडी लिफ्टवर घ्या. बॉडी फायबरची, तिला गंज नाही, पण खालची चासी लोखंडाची आणि तुम्ही समुद्राच्या तोंडावर राहता, खाऱ्या हवेने ती खाल्ली असेल तर जास्त ताकद कशावर लावणार? ब्रेकही वाढवा, घाटात उतरताना कळतं.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरटीओची परवानगी आधी, काम नंतर, आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील.

मी असतो तर मूळ इंजिनच उघडून नीट बांधून घेतलं असतं.