अंगठा दुखतोय, टीव्हीवर टाइप कसं करू?

प्रश्न : माझ्या डाव्या अंगठ्याला प्लॅस्टर आहे. पीसी हॉलमधल्या टीव्हीला जोडलाय, एक्सबॉक्सचा वायरलेस कंट्रोलर आहे आणि स्टीम (गेम खेळायचं ॲप) बिग पिक्चरमध्ये, म्हणजे टीव्हीसाठीच्या पूर्ण स्क्रीनवर, उघडतं. पण स्क्रीनवरच्या कीबोर्डवर अक्षरांवरून फिरायला डावीच स्टिक लागते, मित्रांना चॅटवर दोन शब्द लिहायचे तरी जीव जातो. ही बटणं माझ्या सोयीने लावता येतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतात, आणि तुमच्यासारख्या अडचणीत तर नक्की बदलून घ्या, उगाच दुखऱ्या अंगठ्यावर जोर देऊ नका. फक्त कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका, बदल कंट्रोलरमध्येच करा. कारण कीबोर्डला तुमचं बोट दिसत नाही, कंट्रोलर जो सिग्नल पाठवतो तेवढाच कळतो, त्यामुळे तिथे एकदा बदललं की स्टीम असो नाहीतर विंडोज, दोन्हीकडे लागू होतं.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक्सबॉक्स ॲक्सेसरीज हे फुकट ॲप घ्या, कंट्रोलर जोडा, कॉन्फिगरमध्ये जा. तिथे दोन्ही स्टिकची अदलाबदल करायचा पर्याय आहे, तो चालू केला की उजव्या स्टिकने अक्षरांवर फिरता येतं. पण मग उजवा अंगठा स्टिकवर अडकणार आणि अक्षर निवडायचं ए बटण पण त्याच अंगठ्याचं, म्हणून ए आणि आरबी (पुढच्या कडेवरचं उजवं वरचं बटण) यांचीही अदलाबदल करा, म्हणजे अंगठ्याने फिरायचं आणि उजव्या तर्जनीने दाबायचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नुसती स्टिक बदलली तर अंगठा सारखा वरखाली करून उजवा हातही भरून येतो. स्टीमच्या कीबोर्डवर एक्सने अक्षर खोडलं जातं, वायने स्पेस, आरटीने (आरबीखालचा ट्रिगर) एंटर, ही तिन्ही उजवीकडेच आहेत, ती तशीच राहू द्या. शिफ्ट मात्र एलटीवर, म्हणजे डाव्या ट्रिगरवर आहे, डावी तर्जनी चालत असेल तर ठीक, नाहीतर स्क्रीनवरच्या शिफ्टवर जाऊन आरबी दाबा.

कीबोर्ड उघडायला मधलं एक्सबॉक्स बटण धरून एक्स दाबावं लागतं, एका हाताने ते अवघडच. त्यापेक्षा स्टीममध्ये त्या गेमच्या कंट्रोलर लेआउटमध्ये मेनू बटणाला (तीन रेघांचं छोटं बटण) लाँग प्रेस, म्हणजे दाबून धरणं, जोडा आणि सिस्टिममधून शो कीबोर्ड निवडा.

स्टीमच्या बाहेर लिहायचं असेल तर विंडोज ११ च्या टच कीबोर्डमध्ये गिअरच्या चिन्हावर, कीबोर्ड लेआउटमध्ये गेमपॅड हा प्रकार आहे, तिथेही एक्स खोडायला आणि वाय स्पेसला. विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून उघडतो तो जुना कीबोर्ड वेगळा, तो माउससाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

आणि हो, स्टीमचा पासवर्ड टाइप करायचीच गरज नाही, मोबाईलवरच्या स्टीम ॲपने क्यूआर स्कॅन केला की लॉगिन होतं. कंट्रोलरमधले हे बदल गेममध्येही लागू राहतात, तेव्हा प्लॅस्टर निघालं की एक्सबॉक्स ॲक्सेसरीज ॲपमध्ये जाऊन बटणं मूळ जागी आणा.