कास्टिंगला डेटम कुठे द्यायचा?

तुझं बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग पाहिलं. मशीन केलेला तळ डेटम ए (डेटम म्हणजे मापं जिथून धरायची तो आधार), हे ठीकच. पण पहिल्या सेटअपला, म्हणजे जॉब मशीनवर पहिल्यांदा बांधताना, तो तळ असतोच कुठे? हातात नुसतं कच्चं कास्टिंग, साच्यात ओतून निघालेलं तसंच. मशीनवाला मग सोयीची बाजू धरतो आणि बोअरची (बेअरिंग बसतं त्या भोकाची) भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ निघते.

म्हणून कच्च्या पृष्ठभागावर डेटम टार्गेट, म्हणजे जॉब टेकवायचे ठरावीक बिंदू, दे: एका बाजूला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक, असे सहा. पहिले तीन जमेल तेवढे लांब-लांब ठेव, नाहीतर जॉब डुगडुगतो. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ), गेट (धातू आत शिरतो ती वाट), रायझर (जादा धातूचा साठा) यांच्या जागा टाळ. तिथे फेटलिंगवाला (कास्टिंग साफ करणारा) ग्राइंडर मारतो, आणि त्याचा हात प्रत्येक नगाला वेगळा! शक्यतो सगळी टार्गेट साच्याच्या एकाच अर्ध्यात घे, म्हणजे साचा थोडा सरकला तरी ती एकमेकांना धरून राहतात.

पहिला सेटअप झाला की कच्च्याला विसर. तळ आणि दोन रीम केलेली (अचूक मापाला आणलेली) भोकं, पुढचं सगळं त्यांवरूनच. कच्च्याला मशीन केलेल्याशी जोडणारं माप मात्र प्रत्येक दिशेत एकच हवं. मी सुरुवातीला दोन दिली होती. एक बसवलं की दुसरं बाहेर, आणि इन्स्पेक्शनवाल्याचे फोन.