डिशवॉशर, वेट ग्राइंडर की ओटीजी? घरून डबे देणाऱ्या वाचक भगिनीस उत्तर

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते आणि घरून रोज १४ डबे देते. एका डब्याचे २,६०० रुपये महिनाअखेरीस मिळतात. वाणसामान, भाजी आणि गॅस वजा जाता महिन्याला १३,००० रुपये हातात राहतात. शनिवारी इडली-डोशाचे ४ किलो पीठ ९० रुपये किलोने विकते, त्यात किलोमागे ४० रुपये खर्च येतो. मागणी १० किलोची आहे, पण ५०० वॉटचा ८ वर्षांचा मिक्सर मध्येच बंद पडतो. सकाळच्या भांड्यांना मावशी येतात, संध्याकाळची मीच घासते, त्यामुळे मनगट दुखते. माझ्या कमाईतले ४२,००० रुपये साठले आहेत. यजमान म्हणतात, ३६,००० रुपयांचा डिशवॉशर घे. मुलगा म्हणतो, तो नो-कॉस्ट ईएमआयवर घे, शिवाय ९,००० रुपयांचा ओटीजीही (भाजण्याची विजेवरची छोटी भट्टी) घे. मला ७,५०० रुपयांचा टेबलटॉप वेट ग्राइंडर हवासा वाटतो. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तीन यंत्रांपैकी कोणते चांगले, याआधी तुमच्याजवळ खर्च करण्याजोगे पैसे नेमके किती आहेत ते पाहू, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडकलेला आहे. १४ डब्यांचे महिन्याला ३६,४०० रुपये होतात आणि तुमच्या हातात १३,००० राहतात, म्हणजे दर महिन्याला २३,४०० रुपये आधी घालावे लागतात आणि ते महिना संपल्यावर परत येतात. ही रक्कम बचत दिसत असली तरी ती तुमच्या व्यवसायाचे खेळते भांडवल आहे. दोन-तीन गिऱ्हाइकांनी पैसे द्यायला उशीर केला किंवा तेलाचे भाव एकाएकी चढले, तर वाण्याकडे उधारी न करता डबे चालू ठेवण्याची ताकद याच पैशांतून येते. ते बाजूला काढल्यावर उरतात १८,६०० रुपये. तुमचे अंदाजपत्रक ४२,००० रुपयांचे नसून १८,६०० रुपयांचे आहे, असे धरूनच पुढे विचार करावा.

आता पिठाकडे येऊ. किलोमागे ५० रुपये सुटतात आणि आठवड्याला ६ किलोची मागणी तुम्ही परत पाठवता, म्हणजे दर आठवड्याला ३०० रुपये. एखाददुसरा शनिवार सणामुळे किंवा आजारपणामुळे चुकेल हे गृहीत धरून महिन्याला १,२०० रुपये धरले, तर ७,५०० रुपयांचा ग्राइंडर साधारण सव्वासहा महिन्यांत स्वतःची किंमत भरून काढतो. मागणी अपेक्षेच्या निम्मीच निघाली तरी सव्वा वर्षाच्या आत पैसे वसूल होतात. तिन्ही यंत्रांपैकी दर आठवड्याला रोख रक्कम आणून देणारे हे एकच आहे.

मिक्सर आणि ग्राइंडर यांच्या कामात मुळातच फरक आहे, आणि तो तुमच्या गिऱ्हाइकाला इडलीत जाणवतो. मिक्सरचे पाते डाळ अतिवेगाने कापते, त्यामुळे भांडे तापते, पीठ कोमट होते आणि ते टाळण्यासाठी थंडगार पाणी घालत, थांबत थांबत वाटावे लागते. ग्राइंडरचे दगड उडीद सावकाश चेचतात, पीठ थंड राहते, त्यात हवा खेळते आणि ते फुलून वर येते. वेट ग्राइंडरची मोटर बहुधा १५० वॉटची असते, त्यामुळे शनिवारच्या १० किलोसाठी तो सलग तीन तास चालला तरी अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. शिवाय एकदा घाणा घातला की शेजारी उभे राहावे लागत नाही. मधूनमधून कडेचे पीठ उलथन्याने आत ढकलले की पुरते, आणि तेवढ्या वेळात भाजी चिरून होते. दुखऱ्या मनगटाच्या दृष्टीनेही हा फरक लहान नाही.

मात्र खरेदीपूर्वी फ्रिज उघडून पाहावा. आंबलेले १० किलो पीठ आणि चौदा डब्यांची भाजी एकाच घरगुती फ्रिजमध्ये मावणे अवघड आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पीठ फार लवकर आंबट होते. त्यामुळे शुक्रवारी रात्री वाटून, रात्रभर आंबवून, शनिवारी सकाळीच सगळे पोहोचते करायचे, असा क्रम आधी ठरवावा आणि मागणी गुरुवारपर्यंत नोंदवून घ्यावी. अन्न विकणाऱ्या लहानातल्या लहान व्यवसायालाही एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आवश्यक असते. ती अजून केली नसेल, तर विक्री वाढवण्याआधी करून घ्यावी.

ग्राइंडर आला म्हणून मिक्सर टाकून देऊ नये. ओले खोबरे, हिरवी चटणी, गोडा मसाला यांना मिक्सरच हवा. तुमचा मिक्सर मध्येच बंद पडतो ते बहुधा ओव्हरलोड स्विचमुळे असावे. मोटर तापली की तो वीज तोडतो, आणि मिक्सर थंड झाल्यावर तळाचे लाल बटण दाबले की पुन्हा सुरू होतो. डाळीचा बोजा ग्राइंडरवर गेला की हा त्रास आपोआप कमी होईल. तरीही दुरुस्तीवाल्याकडून कार्बन ब्रश, कपलर आणि पात्याचे बुश एकदा तपासून घ्यावेत. यासाठी १,००० रुपयांची मर्यादा ठरवावी. त्याहून अधिक खर्च सांगितला, तर नव्या मिक्सरचा विचार वेगळा करता येईल.

डिशवॉशरबद्दल मी अधिक सावकाश लिहितो, कारण यजमानांची सूचना तुमच्या कष्टांच्या काळजीतून आली आहे आणि ती चैन म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. पाण्याचीही अडचण नाही. एका फेरीला १० लिटरच्या आसपास पाणी लागते, जे नळाखाली घासण्यापेक्षा कमीच असते. अडचण तुमच्या भांड्यांची आहे. स्टीलचे डबे, ताटे, वाट्या त्यात उत्तम निघतात, पण ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, लोखंडी तवा आणि बिडाची कढई गंजते, कल्हईच्या पातेल्याची कल्हई जाते आणि पोळपाट-लाटणे तडकते. म्हणजे ज्या जड भांड्यांनी मनगट दुखते, नेमकी तीच सिंकमध्ये उरतात. याशिवाय दर फेरीला डिटर्जंटची टॅब्लेट, अधूनमधून मीठ आणि रिन्स एड (भांडी डागांविना वाळवणारे द्रावण), आणि साधारण १ युनिट वीज लागते. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात, म्हणून वाढीव युनिटांचा हिशेब बिलातल्या सरासरीने न करता तुम्ही सध्या ज्या टप्प्यात आहात त्या सर्वांत वरच्या दराने करावा. दुकानदाराने सांगितलेली किंमत जुनी नाही ना, हेही विचारावे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

मनगटाचा प्रश्न मात्र सहा महिने थांबू शकत नाही. मावशींना संध्याकाळच्या फेरीबद्दल विचारावे आणि पिठाच्या वाढीव उत्पन्नातले ७०० ते ८०० रुपये त्यासाठी ठेवावेत. कुकर, तवा आणि कढईसकट सगळी भांडी त्यात निघतील आणि १८,६०० रुपयांना हात लागणार नाही. ग्राइंडरची वसुली त्यामुळे लांबेल, हे खरे. तरीही हा खर्च मी पहिल्या महिन्यापासून करायला सांगेन, कारण तुमचा हात थांबला तर चौदाही डबे थांबतात.

मुलाने सुचवलेल्या नो-कॉस्ट ईएमआयचे गणित कागदावर मांडून त्याला दाखवावे. ३,००० रुपयांचे १२ हप्ते म्हणजे ३६,००० रुपये, इथपर्यंत ते बिनव्याजी दिसते. पण समजा, रोखीने घेतल्यास दुकानदार २,५०० रुपये कमी करतो आणि ईएमआयसाठी ४९९ रुपये प्रक्रिया शुल्क अधिक त्यावर जीएसटी, असे ५८९ रुपये लागतात. तर ३३,५०० रुपयांच्या वस्तूसाठी तुम्ही एकूण ३६,५८९ रुपये मोजता. हप्त्यागणिक कर्ज कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर हा व्याजदर वर्षाला १७ टक्क्यांच्या घरात जातो. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. म्हणून कोणत्याही दुकानात पहिला प्रश्न रोखीचा भाव काय, हाच असावा.

ओटीजी सध्या नको. दिवाळीतली नानकटाई आणि दोन-चार केक यांसाठी ९,००० रुपये आणि ओट्यावरची जागा अडवणे परवडत नाही. नानकटाईच्या ऑर्डरी आधी हातात आल्या, तर पुढच्या वर्षी विचार करता येईल; तेव्हाही ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

तेव्हा ग्राइंडर रोखीने घ्यावा, मिक्सर दुरुस्त करावा, आणि उरलेले सुमारे १०,००० रुपये मुदत ठेवीत न अडकवता बचत खात्यात वेगळे ठेवावेत. दिवाळीनंतर पिठाची वही पाहावी. १० किलोची विक्री टिकली असेल, तर डिशवॉशरसाठी आवर्ती ठेव सुरू करायला हरकत नाही.

ग्राइंडर घेताना ड्रम सुटा काढून धुता येतो का, हे स्वतः उचलून पाहावे, कारण दगडांसह ते वजन तुमच्याच मनगटावर येणार आहे. त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कल्याण-डोंबिवलीत आहे का आणि पट्टा सुटा मिळतो का, हे विचारावे. आणि वॉरंटीचे कलम तिथेच उभे राहून वाचावे; घरगुती यंत्र व्यवसायासाठी वापरल्यास वॉरंटी लागू होत नाही, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. तशी अट असेल, तर व्यावसायिक वापरालाही वॉरंटी देणारे मॉडेल हजार-दीड हजार रुपये अधिक देऊन घेणे मला योग्य वाटते.