'वंचित' म्हणू की 'उपेक्षित'?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एक ताई पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, माहितीपट करत आहेत. निवेदनात तिथल्या लोकांना 'वंचित' म्हणावं की 'उपेक्षित', असं त्यांनी विचारलंय. शिवाय बेड्यावरची आजी कॅमेऱ्यासमोर म्हणाली, 'आमच्याकडं कोनी पायतच नाही'. ते सबटायटलमध्ये 'आमची उपेक्षा होते' असं लिहिलं तर चालेल का?

ताई, आधी आजीच्या वाक्याकडे वळतो. 'उपेक्षा' हा शब्द 'उप' आणि 'ईक्ष्' यांचा. ईक्ष् म्हणजे पाहणे. अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, निरीक्षण ही सगळी त्याच धातूची लेकरं. उपेक्षा करणाऱ्याला दिसत असतं, पण तो मनावर घेत नाही. आजी नेमकं हेच बोलली, आणि संस्कृतचा आधार न घेता बोलली. मात्र तिच्या वाक्यात 'कोनी' आहे, म्हणजे न पाहणारा माणूस तिथं उभा आहे. 'आमची उपेक्षा होते' असं लिहिलं की तो निघून जातो आणि उपेक्षा पावसासारखी आपोआप 'होऊ' लागते. तेव्हा ते सबटायटल नकोच. आजीचं वाक्य वऱ्हाडीतच छापा. 'पायत' म्हणजे 'पाहत' हे मराठी माणसाला समजतं. आणि तुमचा 'प्रेक्षक'ही त्याच ईक्ष् धातूतून आलेला आहे, हे लक्षात घ्या.

आता 'वंचित'. वञ्च् म्हणजे फसवणे, त्यावरून वंचना. मुळात वंचित म्हणजे फसवला गेलेला. आज आपण 'शिक्षणापासून वंचित' म्हणतो तेव्हा 'ज्याला मिळालं नाही तो' एवढाच अर्थ उरतो, फसवणूक ऐकूच येत नाही. मला ही मोठी हानी वाटते. त्यात आपल्या अकोला-वाशीमकडे 'वंचित' म्हटलं की लोकांना आधी पक्ष आठवतो.

व्याकरणात पाहिलं तर दलित, वंचित, उपेक्षित, शोषित, पीडित, बहिष्कृत हे सारे शब्द संस्कृतच्या 'क्त' प्रत्ययाचे. काय घडलं ते हा प्रत्यय सांगतो, कुणी केलं ते सांगत नाही. कर्ता वेगळा, तृतीयेत घालावा लागतो. निवेदनात ही विशेषणं नुसती पेरली की कर्ता कायमचा राहून जातो. पाण्याची लाइन बेड्याच्या अलीकडे कुणी थांबवली, जातीच्या दाखल्याचा अर्ज कुणी परत केला, हे तुमच्या चित्रणात आलं असेल तर ते सरळ क्रियापदानं सांगा. मग विशेषण शोधावं लागणार नाही.

'दलित'ची गोष्ट थोडी निराळी. दल् म्हणजे दुभंगणे, फुटणे. आपण तूर भरडून जी डाळ करतो ती याच धातूची. १९७२ साली दलित पँथरनं हा शब्द स्वतःहून उचलला आणि त्याला लढाऊ धार आली. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या कित्येक घरांत 'आम्ही बौद्ध' असंच सांगतात, तिथं 'दलित' म्हटलेलं आवडत नाही. २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' वापरण्याचा सल्ला दिला होता. दाखल्यावर तो शब्द ठीक आहे. पडद्यावर मात्र, समोरचा माणूस स्वतःला काय म्हणवतो तोच शब्द घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

'भटके-विमुक्त' लिहिण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्यातून 'विमुक्त' हा शब्द आला. पण महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, विमुक्तांच्या यादीत नाहीत. इतिहास सांगताना 'विमुक्त' चालेल, दाखल्याबद्दल बोलताना चूक होईल.

तेव्हा 'वंचित' की 'उपेक्षित' यात निवडायचंच झालं, तर 'उपेक्षित' घ्या, तेही एकदाच, आजीच्या वाक्यानंतर.

आणि एक विनंती. पारध्यांची घरातली बोली गुजरातीला जवळची आहे, आजी तुमच्याशी वऱ्हाडीत बोलली ती तुमच्यासाठी. तेच वाक्य तिला तिच्या बोलीत पुन्हा म्हणायला सांगा, रेकॉर्ड करा, आणि तिथं 'पाहणे' या अर्थी कोणता शब्द येतो ते मला जरूर कळवा.